तारेवरचे तीन ठोके

खालचं गाव, शाळा
३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांना जागा मिळणार नाही.

काल दुपारी तुमच्या वाडीतून तारेवरून आलेल्या ओंडक्यांच्या मोळीनं वखारवाल्याच्या थोरल्या मुलाचं डोकं फोडलं. फोडलं म्हणजे खोक पडली असं नव्हे. मी मुलांना विभक्ती शिकवत होतो. मागच्या अंगणात धप्प झालं म्हणून खिडकीतून पाहिलं, तर त्याचं धड दगडावर बसलेलं होतं आणि मान जिथे संपते तिथे मोळी होती. पहिल्या बाकावरची मुलगी अजून बोलत नाही. मी बोलतो आहे, पण माझं तोंड तापातही बंद नसतं हे तुला ठाऊक आहे.

पूल वाहून गेल्यापासून दरीवर ती एक तार तेवढी उरली, आणि तिचं खालचं टोक शाळेच्या मागे असूनही गावातला प्रत्येक जण मलाच तिचा नियम शिकवतो आहे. खालून पहारीनं तारेवर तीन ठोके पडले की वरच्यानं खिट्टी काढून मोळी सोडायची. दोन पडले की थांबायचं. काहीच पडलं नाही तर हाताची घडी घालून बसायचं. आणि सगळे शपथेवर सांगतात की काल कुणीही ठोके मारले नाहीत.

तुमची वाडी वखारवाल्याला वरचं रान तोडू देत नाही, आणि मागे भर चौकात 'रान काही तुझ्या सासऱ्यानं लावलेलं नाही' असं त्याला ऐकवणारे आमचे मेहुणेबुवाच तारेवर बसतात. त्यामुळे लोकांनी धुरावरून अग्नीचं अनुमान केलं आहे. धूर कुठे होता हे कुणी विचारत नाही.

म्हणून मी विचारतो. ठोके ऐकू आले होते का? खिट्टी तुझ्या नवऱ्यानंच काढली ना? खरं लिही. सभेत मला उत्तर द्यायचं आहे. वखारवाला 'जिवाला जीव' म्हणतो आहे, आणि व्यवहारात तो चोख माणूस आहे.

मोळ्या बंद आहेत, पण लहान टोपली बारीक दोरीनं वर ओढता येते. चहाच्या डब्यात हे पत्र आहे. चहा नाही. तो मला लागतो.

दादा


वरची वाडी
४ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

तीन. पहिले दोन खणखणीत, तिसरा बसका. मी दारात भांडी घासत होते. सासूबाईंनी अंथरुणातून ऐकले. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नाही, पण तार ऐकू येते. ह्यांनी ऐकले आणि खिट्टी काढली. याच्यापलीकडे काही नाही.

ह्यांचं अन्नावरचं मन उडालं आहे. त्यात तो खांदा. गेल्या आठवड्यात ओंडका निसटून अंगावर आला तेव्हापासून उजवा हात वर होत नाही, सदऱ्याची बाही मी चढवते.

सभेत तुझी अनुमानं नकोत, दादा. तिथले लोक तुझ्यासारखे बसून विचार करत नाहीत, उभे राहून करतात. पण एक मला कळत नाही. खालचा खांब म्हणजे काही वखार नव्हे. भर दुपारी काम टाकून थोरला त्या दगडावर काय करत होता?

हे खूप भले आहेत रे. ह्यांना काही होऊ देऊ नकोस.

धाकटी


खालचं गाव
९ ऑक्टोबर

चि. धाकटे,

तुझ्या प्रश्नाची किंमत एक चष्मा झाली. अक्षर वाकडं दिसलं तर दोष लिहिणाऱ्याचा नाही. त्याला आता एकच काच आहे.

थोरला काय करत होता ते पाहायला मी तारेपाशी गेलो. खांबापासून हातभर अंतरावर तारेला तीन घाव आहेत. दोन खोल, तिसरा घसरलेला. निम्मे पेड तुटून उलटे उभे राहिले आहेत. खाली गवतात छिन्नीचं मोडकं टोक सापडलं. लोहाराला दाखवलं. तो म्हणाला, मी हे टोक ओळखत नाही. मग भाता ओढता ओढता, माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं की थोरल्यानं आदल्याच दिवशी त्याच्याकडून छिन्नीला धार लावून नेली होती.

कळलं ना? तो तार तोडायला आला होता. तार गेली की हिवाळ्यात तुम्हाला मीठ नाही, रॉकेल नाही, औषध नाही. मग रान मागणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. छिन्नीवर हातोड्याचे तीन घाव पडले. हा तार तोडत होता आणि वरच्यांना वाटलं, मोळी मागतो आहे. वखारीत गादीवर बसणाऱ्यांना तारेचा नियम पाठ असतो, पण तो आपल्यालाही लागू आहे हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

हे सगळं मी सभेत सांगितलं. वखारवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला हे नवीन नाही. मुलाच्या मुठीतून हातोडा त्यानंच सोडवला असणार. मग तो एवढंच म्हणाला, "गुरुजींची बहीण वर दिली आहे." पुढचं त्याच्या माणसांनी केलं. एक बरगडी आणि वर सांगितलेला चष्मा.

मला मारून त्यांचं समाधान झालं नाही, बहुधा मी ओरडतानाही शुद्ध ओरडतो म्हणून. मग मधल्या वाडीचा दूधवाला त्यांना सापडला. खिंडीतून फिरून दूध घालायला येतो तो. तुमच्या बाजूचा, एवढाच त्याचा गुन्हा. शाळेच्या पायरीवर पाडून त्याच्याच दुधाच्या कॅननं त्यांनी त्याचा जबडा फोडला, मग कपाळ. दात मी वेचले. दूध आणि रक्त एकत्र झालं की गुलाबी रंग होतो, आणि ही माहिती कोणत्याही शास्त्रात लिहून ठेवलेली नाही हे बरं आहे. संध्याकाळी तो गेला.

आता नीट वाच. तारेवर टोपली चालेल, मिठाची पुडी चालेल. जड काही लावू नकोस. लोहार म्हणतो, भरलेली मोळी ती तार कशीबशी खाली आणून सोडेल आणि मग तुटेल.

आणि एक. उजवा हात वर होत नाही असा माणूस भरल्या मोळीची खिट्टी कशी काढतो? तिला दोन्ही हातांचं बळ लागतं. सदऱ्याची बाही तू चढवतेस म्हणालीस. खिट्टीही तूच का?

दादा


वरची वाडी
१२ ऑक्टोबर

ती. दादास,

हो.

खांदा दुखावल्यापासून खिट्टी मीच काढते. त्या दिवशीही मीच काढली. ह्यांनी शपथ घातली होती की कुणाला म्हणून सांगायचं नाही, भावालाही नाही. तू फसणार नाहीस हे मला माहीत होतं. पण लहानपणी तू निदान फसल्यासारखं करायचास.

काल वखारवाल्याची माणसं खिंडीतून मधल्या वाडीत आली. गवताचं कोठार त्यांनी बाहेरून कडी घालून पेटवलं. आत गुरं होती. आमच्या दारात ऐकू येत होतं. गुरं शेवटी शेवटी गुरांसारखी ओरडत नाहीत, दादा. धाकटे दीर कडी काढायला धावले. त्यांना उलट्या कुऱ्हाडीनं पाडलं आणि दोघांनी उचलून आत टाकलं. कडी पुन्हा घातली. सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्या विचारतात, धाकटा जेवला का. मी जेवला म्हणते.

माणसं परत फिरली तेव्हा आमच्या लोकांनी खिंडीच्या माथ्यावरून दगड लोटले. दोघं खाली राहिले. एकाचा बूट दिसतो, पायासकट. मी पाहायला गेले होते. मला काही वाटलं नाही. काही वाटलं नाही याचं वाईट वाटलं, तेही घरी आल्यावर.

आता हे म्हणतात, मी खाली जातो, माझा जीव घेऊ देत, म्हणजे सगळं थांबेल. मी म्हटलं, मग मी जाते, हात माझा होता. दोघं भांडलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मरायला आधी कोण जाणार यावर पहिल्यांदाच.

तू सांग. मी खरं सांगितलं तर ह्यांना सोडतील?

धाकटी


खालचं गाव
१५ ऑक्टोबर

धाकटे,

नाही. तुझं नाव कळलं तर मेहुण्यांना सोडणार नाहीत, तुला जोडून घेतील. द्वंद्व समास करतील, आणि त्यात दोन्ही पदं सारखीच महत्त्वाची असतात.

वखारवाल्यानं आज घरोघर निरोप पाठवला आहे. परवा सकाळी तो स्वतः तारेवर तीन ठोके मारणार. ठोके पडले की मेहुण्यांना आकड्याला बांधून खाली सोडायचं. थोरला जिथे होता त्याच दगडावर तो कुऱ्हाड घेऊन उभा राहणार. सोडलं नाही तर अख्खी वखार रॉकेल घेऊन खिंडीतून वर येणार, आणि कोठारं आता उरलेली नाहीत, घरं आहेत. साक्षीला सगळ्या गावानं हजर राहायचं आहे. मी त्याला म्हटलं, तार कापलेली आहे, तुटेल. तो म्हणाला, "तुटली तरी मला चालेल, गुरुजी. दरी काय, कुऱ्हाड काय."

फौजदाराकडे माणूस पाठवला आहे. पण रस्त्यावर दरड आली आहे, आणि फौजदार हे स्वभावानंच दरडीच्या पलीकडचे असतात. परवापर्यंत कुणी येत नाही.

मी तुला काहीही करायला सांगत नाही. हे वाक्य दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा ते खोटं वाटलं. मेहुण्यांना आकड्याला लावू नकोस, एवढं मात्र सांगतो. बाकी तार तुला ठाऊक आहे, नियम तुला ठाऊक आहे, आणि या पंधरवड्यात नियम गावालाही चांगला पाठ झाला आहे.

मुलांना घरीच ठेवायला सांगितलं आहे. मोठ्यांना मी शाळेच्या भिंतीच्या अलीकडे उभं करीन. लोकांना रांगेत उभं करणं हा माझा धंदाच आहे. दगडावर तो एकटा असेल.

दादा


खालचं गाव
२२ ऑक्टोबर

चि. धाकटे,

तार नाही, म्हणून हे पत्र गुरांच्या डॉक्टरबरोबर खिंडीतून पाठवतो आहे. गुरं दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे त्याला कोणत्याच बाजूनं मारत नाहीत.

तुझं पत्र आलं नाही. जे आलं ते सगळ्या गावानं वाचलं.

त्या सकाळी दाट धुकं होतं. वखारवाल्यानं पहार उचलली आणि तीन ठोके मारले, सावकाश, मधे श्वास घेऊन, मी उजळणी घेतो तसे. पहार ठेवून कुऱ्हाड घेतली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तार गाऊ लागली. धुक्यातून काळं काहीतरी येताना दिसलं, त्यानं कुऱ्हाड खांद्यामागे नेली आणि म्हणाला, "ये." त्यानंतर त्याला म्हणायला तोंड राहिलं नाही. मोळी त्याला घेऊनच खांबावर आदळली. त्याला खांबापासून वेगळं करायला दुपार झाली.

आणि तार तुटली. सुटलेलं टोक गवत कापावं तसं अंगणभर फिरून दरीत गेलं. माझी रांग भिंतीअलीकडे होती, पण वखारीचा कारकून मालकाची पहार उचलायला पुढे गेला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. वाचेल. लिहिणाऱ्या माणसाचा उजवा हात, धाकटे. मी अजून त्याला भेटायला गेलेलो नाही.

फौजदार आला, सगळं संपल्यावर, कपड्यांना इस्त्री करून. त्यानं एकेकाला विचारलं, ठोके पडले होते का? मालकाच्याच हुकमानं अख्खं गाव साक्षीला हजर होतं. सगळे म्हणाले, पडले, तीन, आमच्या कानांनी ऐकले. मग लोहारालाही छिन्नीचं टोक ओळखू आलं, आणि पहिल्या वेळचे तीन कुणाचे होते ते त्यानं सांगितलं. मालक गेल्यावर लोकांची स्मरणशक्ती किती सुधारते. दूधवाल्याला आणि तुझ्या दिरांना मारणाऱ्यांना बेड्या घालून नेलं. खिंडीतले दगड कुणी लोटले ते तुमच्या वाडीत कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा डोंगर म्हटला की दगड यायचेच, असं त्यानं लिहून घेतलं. मोळीपुढे 'अपघात' लिहिलं. नियमाप्रमाणे ठोके, नियमाप्रमाणे मोळी. तुझं नाव कुठेच नाही.

वरून तुला काही दिसलंच नसणार. मोळी तयार होती, ठोके पडले, सवयीनं हात गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आमच्यात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. मी तसंच सांगितलं आहे. तूही तसंच म्हण.

मेहुणेबुवा कसे आहेत?

दादा


वरची वाडी
३० ऑक्टोबर

ती. दादास,

धुकं खाली होतं. आमच्याकडे ऊन होतं.

ह्यांनी सकाळी अंघोळ करून नवा सदरा मागितला. बाही मी चढवली. मग म्हणाले, आता बांध. मी बांधलं, दादा. आकड्याला, दोरीचे चार वेढे देऊन. सासूबाई आतून विचारत होत्या, कोण चाललंय? हे म्हणाले, "मी जरा खाली जाऊन येतो, आई." ते ऐकलं आणि मी गाठी सोडायला लागले. हे सोडू देईनात. डाव्या हातानं माझी मनगटं धरली. मग मी ओंडका घेऊन त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर मारला. पडेपर्यंत मारला. गुरांचा डॉक्टर म्हणतो, तो हात आता गेला तो गेलाच.

मोळी मी आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती. तुझं पत्र वाचून. सगळ्यात ओले, सगळ्यात जड ओंडके निवडून. ती अडकवली, तीन ठोके ऐकले, आणि दोन्ही हात खिट्टीवर ठेवून थांबले. थांबवायचं असेल तर दोन मारायचे असतात. त्याला वेळ होता. मी त्याला वेळ दिला.

दोन पडले नाहीत. मी खिट्टी काढली.

तुझा कावळा तुझ्यापाशीच ठेव. फांदी मोडली नाही, मी मोडली. सरकारी कागदावर काय असेल ते असो, मला लिहिताना तो शब्द लिहू नकोस. पहिल्या वेळी मी मोळी सोडली आणि माणूस मेला. या वेळी मी माणूस मारला. यातला फरक मला कळतो. तुलाही कळतो, म्हणून तर तू लोकांना भिंतीअलीकडे उभं केलंस.

दोन्हीकडच्या लोकांनी मिळून नवी तार बसवली, ते तू पाहिलंच असशील. पण खालून तीन ठोके पडतात आणि वाडीत कुणी खिट्टीला हात लावत नाही. ह्यांना हात नाही. मला आहेत, पण ते उठत नाहीत. ठोके पडले की सगळे जागच्या जागी थांबतात, घास हातात असला तर हातात. सासूबाई म्हणतात, अगं, ठोके पडले, सोड की. धाकट्याला बोलाव, तो सोडेल.

मला खाली कोण उभं आहे ते दिसत नाही, दादा. कधीच दिसत नव्हतं. इतकी वर्षं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. हिवाळा तोंडावर आहे. तुम्हाला लाकूड नाही, दूध नाही. आमचं मीठ संपत आलं. तार धड आहे, आणि थोरल्याला जे हवं होतं ते झालं.

धाकटी


खालचं गाव
६ नोव्हेंबर

धाकटे,

तो शब्द पुन्हा लिहिणार नाही.

जो लिहायला हवा होता तो मी १५ तारखेच्या पत्रात लिहिला नाही. दोन ओळींच्या मधे ठेवला आणि उचलायला तुला लावला. आमच्यात याला अध्याहार म्हणतात. लिहिणारा एखादं पद गाळतो आणि वाचणाऱ्यानं ते समजून घ्यायचं असतं. तेव्हा एवढं समजून घे की त्या वाक्यात कर्ते दोघं आहेत.

कारकुनाकडे जाऊन आलो. रोज जातो. डाव्या हातानं लिहायला शिकवतो आहे. काल म्हटलं, तुझा 'अ' माझ्या पहिलीच्या मुलांपेक्षा बरा आहे, तर त्यानं पाटी माझ्या अंगावर भिरकावली. डाव्या हाताचा नेमही बरा आहे. कपाळाला टाका पडला. मी आज पुन्हा गेलो, तेव्हा त्यानं पाटी पुढे केली.

आता कामाचं. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके मी मारणार आहे. मला पहार धरता येत नाही यावर गावात पहिल्यांदाच एकमत झालं आहे, तेव्हा तिसरा ठोका बसका येईल. ओळख त्यावरून पटव. मारून झाल्यावर मी भिंतीअलीकडे जाणार नाही. त्याच दगडावर उभा राहीन, तू सोडलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत. मग उडी मारीन, पन्नाशीतल्या माणसाच्या बेतानं.

खाली कोण उभं आहे ते तुला दिसत नाही म्हणालीस. मी उभा आहे.

लाकूड मागाहून. आधी दूध पाठव. कोरा चहा पिऊन पिऊन माझी वाणी कडू झाली आहे, आणि मुलांनाही ते कळू लागलं आहे.

तीन ठोके. सोड.

दादा